वारशाचे राखणदार (भाग ६) : वस्तू आली कुठून?

दायमाबाद हे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातले, प्रवरेच्या डाव्या काठावरचे छोटेसे गाव. १९७४ मध्ये तिथे एक शेतकरी झुडपाचा बुंधा खणून काढत असताना त्याला मातीत चार जड वस्तू लागल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा सारथी, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. चारही ब्राँझच्या, भरीव ओतलेल्या. सगळ्यांचे मिळून वजन ६० किलोंहून जास्त. एकटा रथच ४५ सेंटिमीटर लांब. भारताच्या पुरातत्त्वावरच्या बहुतेक पुस्तकांत आज या रथाचे छायाचित्र असते.

या शिल्पांचे वय मात्र ५० वर्षांनंतरही वादातच आहे. म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या विश्लेषणावरून शंका घेतली. या ब्राँझमध्ये आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत असा मिश्रधातू आढळलेला नाही, म्हणून ही शिल्पे बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातली असू शकतात, असे त्यांचे म्हणणे.

एवढा वाद का? कारण ही शिल्पे उत्खननाच्या खड्ड्यात, थरांची नोंद होत असताना निघाली नाहीत. कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरे होती, राख होती की चुन्याची जमीन, हे मोजून-मापून लिहून घेणारे त्या क्षणी तिथे कोणी नव्हते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. पुरातत्त्व खात्याने पुढे दायमाबादला अनेक हंगाम खणून सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचा क्रम उलगडला, पण चार शिल्पांना त्या क्रमात बसवण्याचे काम अनुमानावरच राहिले.

वस्तुसंग्रहालयाच्या अभिरक्षकाचे काम समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. काचेच्या कपाटातली वस्तू जपणे हे त्याच्या कामाचे दिसणारे अर्धे अंग. दुसरे अर्धे अंग म्हणजे त्या वस्तूची साक्ष जपणे. ती कुठून आली, कोणाकडून आली, तिच्यासोबत काय होते आणि आल्यानंतर तिच्यावर काय काय केले गेले, ही सारी माहिती तिच्यापासून तुटू द्यायची नाही.

दायमाबादची दुसरी बाजू त्याच जिल्ह्यात, नेवाशाला पाहायला मिळते. प्रवरेच्याच काठावर ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून काही हंगाम उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणकालीन दफनांत एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी गंजलेले होते. घाईने कोणी ते घासून चकचकीत केले असते, तर एक छान माळ हाती आली असती आणि तिच्यातली खरी बातमी कायमची गेली असती. कारण त्या मण्यांच्या आत, गंजात अडकून, दोऱ्याचे तंतू उरले होते. तांब्याचे क्षार जंतूंना मारक असतात, त्यामुळे एरवी कधीच कुजून गेला असता तो दोरा तीन हजारांहून जास्त वर्षे टिकला. ए. एन. गुलाटी यांनी तपासणी करून त्यात रेशीम आणि कापूस ओळखले. भारतातल्या रेशमाच्या इतिहासात या इवल्याशा पुराव्याचा उल्लेख टाळता येत नाही.

म्हणून प्रशिक्षित अभिरक्षक गंज दिसला की लगेच ब्रश उचलत नाही. आधी पाहतो, छायाचित्र घेतो, भिंगाखाली तपासतो. हा गंज वाढतो आहे की स्थिरावलेला आहे? तांब्या-पितळेवर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड उमटत असेल तर तो क्लोराइडचा रोग. ओलाव्यात तो धातू आतून पोखरतो, तिथे उपचार तातडीने हवेत. गडद, घट्ट हिरवा थर असेल तर तो बहुधा वस्तूचे संरक्षणच करत असतो, त्याला हात लावायचा नाही. पितळेची मूर्ती चिंच-मिठाने लख्ख करण्याची आपल्या घरांतली सवय देवघरात ठीक आहे. संग्रहालयात तीच सवय कोरीव लेखाची अक्षरे पुसट करून टाकते.

आता नोंदवहीकडे वळू. कोणतीही वस्तू संग्रहालयात आली की तिला दाखल क्रमांक मिळतो. त्यापुढे तारीख, देणगी की खरेदी की उत्खनन, देणाऱ्याचे नाव, माप, वजन, द्रव्य, सध्याची अवस्था, कुठे तडा, कुठे टवका, आणि भांडारातल्या कोणत्या कपाटात कोणत्या फळीवर ठेवली, हे सगळे लिहायचे. क्रमांक वस्तूवर घालण्याचीही रीत ठरलेली असते. खापरावर सहज न दिसणाऱ्या जागी पारदर्शक रेझिनचा पातळ थर द्यायचा, त्यावर शाईने अंक लिहायचा आणि वरून पुन्हा एक थर. पुढे कधी काढावासा वाटला तर तो ॲसिटोनने निघतो. कागदावर फक्त मऊ शिसपेन्सिल. कापडावर सुती फीत, तीही दोन टाक्यांनी शिवलेली. उद्याच्या माणसाला आजचे काम मागे घेता आले पाहिजे, हा या सगळ्यामागचा नियम.

क्रमांक पुसला गेला तर काय होते? संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तिथल्या पातळ, तांबड्या, काळ्या रंगात नक्षी काढलेल्या, टिचकी मारली की धातूसारखी वाजणाऱ्या खापरांवरून एका अख्ख्या संस्कृतीला ‘जोर्वे’ हे नाव मिळाले. तशी खापरे महाराष्ट्रात पुढे ठिकठिकाणी मिळाली. क्रमांक नसलेला तुकडा हातात घेतला तर तो जोर्व्याचा, नेवाशाचा की पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचा, हे नुसत्या नजरेने सांगणे जाणकारालाही अवघड जाते.

नगर शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाचा प्रश्न वेगळा आहे. १९६० मध्ये उभ्या राहिलेल्या या संग्रहालयाची मोठी श्रीमंती कागदात आहे: हस्तलिखित पोथ्या, मोडी कागदपत्रे, जुने नकाशे, लांबलचक जन्मपत्रिका. धातू शेकडो वर्षे दम धरतो, कागदाला तेवढा वेळ नसतो. वाळवी, कसर, उंदीर, ओल आणि ऊन हे त्याचे पाच शत्रू. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, म्हणून मुंबईइतकी बुरशीची भीती इथे नाही. पण मे महिन्यातली कोरडी होरपळ आणि जुलैतली दमट हवा यांच्या अदलाबदलीत कागद आणि चामड्याची बांधणी आकसते, फुगते, पुन्हा आकसते. दमटपणाचा आकडा अगदी आदर्श नसला तरी चालतो. तो दिवसागणिक हिंदकळू नये, याची काळजी अभिरक्षकाला जास्त असते.

त्यासाठीचे बरेच उपाय साधेच आहेत. पोथी सुती कापडाच्या रुमालात बांधून आडवी ठेवायची. कपाट भिंतीपासून हातभर लांब. प्रदर्शनातल्या कागदावर प्रकाश ५० लक्सच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना मंद वाटेल इतकाच, आणि काही महिन्यांनी ते पान बदलून दुसरे मांडायचे. गुंडाळी असेल तर ती जाड नळीवर सैल गुंडाळायची. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ. जुन्या लेखनिकांनी चूक झाकायला जो पिवळा हरताळ लावला, ते आर्सेनिकचे संयुग आहे, म्हणून अशी पाने हाताळताना हातमोजे आणि नंतर साबणाने हात धुणे सक्तीचे.

शहराजवळचे रणगाडा संग्रहालय या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला. लष्कराच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलने उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांनी केले. रोल्स रॉइसची चिलखती गाडी, ब्रिटिशांचे मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपानी बनावटीचे रणगाडे, १९६५ च्या युद्धात हाती आलेला पॅटन आणि आपला विजयंता हे सगळे तिथे उघड्यावर उभे आहेत. अनेक टन वजनाच्या या वस्तूंना कपाटात ठेवणे शक्य नाही. पावसाचे पाणी पोटात साचू न देणे, रबर तडकण्यापासून वाचवणे, पोलादाला रंगाचे कवच देणे हे तिथले नित्याचे काम. तरीही नियम नेवाशाच्या माळेचाच. नवा रंग चढवण्याआधी जुन्या रंगाची, खुणांची आणि आकड्यांची नोंद हवी. लढाईत तोफगोळ्याने पडलेले भोक जोडकाम करून बुजवायचे नाही, कारण ते भोक हीच त्या यंत्राची साक्ष.

हे सारे वाचून ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या पेटीत मोडी कागद किंवा पोथ्या आहेत, त्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कागद लॅमिनेट करू नका, त्यातून तो पुन्हा सुटा होत नाही. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांवर उतरतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल आत कोंडते. आणि पेटी कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या वाड्यातून आली, हे घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर विचारून एका कागदावर पेन्सिलीने लिहा व तो कागद पेटीतच ठेवा. ७५ वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित आणि १०० वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही आणि काही प्रकारांची सरकारकडे नोंदणी करावी लागते. शेतात नांगराला काही लागले तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, असे तो सांगतो. तोवर ती वस्तू आणि आजूबाजूची माती आहे तशीच राहू द्यावी.

(पुढील भागात : मोडी कागदाचा एक रुमाल उलगडताना काय काय करावे लागते?)