धरणातले मासे येतात कोठून?

पाणी साठले की मासे आपोआप होतात, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत, त्यांना पावसाळ्यातील वाहता पूर लागतो. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना बंदिस्त पाण्यातही अंडी घालावयास लावले. त्यामुळे आमच्या गिरणेसारख्या धरणांत सोडण्यास बोटुकली मिळू लागली.

आम्ही भोई. माझे वडील मोठ्या आसाचे जाळे टाकतात, तेव्हा शेजारचे हसतात. पण बारीक आसात बोटुकलीच अडकली, तर किलोचा मासा होणार कधी? आजची टोपली भरेल. पुढच्या वर्षीची रिकामी राहील. माझी कॉलेजची फी त्याच टोपलीतून येते.