बारा वर्षांची वहिवाट

भाडेकरू एका घरात बारा वर्षे राहिला की घरमालकाचा मालकीहक्क आपोआप लयास जातो, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल आहे की, एरवी व्यवहारदक्ष म्हणवणारी माणसेही अकरावे वर्ष उजाडताच सालस भाडेकरूला घर खाली करायला लावतात. तिचे मूळ बहुधा कूळकायद्यात असावे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळे कसत्या जमिनीची मालक मानली गेली आणि त्या बदलाची धास्ती शेतावरून शहरातल्या खोल्यांपर्यंत विनाकारण येऊन पोहोचली.

मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात खासगी मिळकतीसाठी बारा आणि सरकारी जमिनीसाठी तीस वर्षांचा उल्लेख आहे, हे खरे; परंतु ही मुदत कब्जा मालकाच्या हक्काला प्रतिकूल झाल्या दिवसापासून मोजली जाते. भाडेकरू, रखवालदार, आश्रयास ठेवलेला भाचा, ही सारी मंडळी मालकाच्या अनुमतीने आलेली. ती चाळीस वर्षे राहिली तरी केवळ काळाच्या बळावर मालक होत नाहीत. याउलट, परगावी राहणाऱ्याच्या बखळीला जो उघडपणे कुंपण घालतो, ती स्वतःची म्हणून अखंड वहिवाटतो, आणि ज्याला मूळ मालक बारा वर्षे हटकत नाही, त्याच्यापुढे मालकाचा हक्कच संपुष्टात येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये या तरतुदीवर कठोर ताशेरे ओढले खरे, पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने, असा कब्जेदार स्वतः वादी होऊनही हक्क सांगू शकतो, असा निर्वाळा दिला. मला स्वतःला पहिला सूर अधिक न्याय्य वाटतो.

सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे मालकी मिळाली, हाही भ्रमच. ती महसुली नोंद असून, विरुद्ध पुरावा येईपर्यंतच ग्राह्य धरली जाते.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज मात्र महाराष्ट्रात घातक आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत हवा. नसेल तर अटींविषयी राहणारा सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. नोंदणी असल्यास, मुदतीनंतर ठाण मांडून बसलेल्या परवानाधारकाकडून (लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याकडून) सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत घर परत मिळते, शिवाय दुप्पट शुल्कही वसूल होते.

एवढा सरळ मार्ग सोडून जो मालक रातोरात कुलूप बदलतो, त्याच्याविरुद्ध कब्जेदार सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न विचारातच घेतला जात नाही.