बद्धजिव्हा

बद्धजिव्हा : जिभेची खालची बाजू व मुखाचा तळ यांना जोडणारी श्लेष्मल अस्तराची घडी आखूड, जाड किंवा जिभेच्या शेंड्यापर्यंत पुढे आलेली असल्यामुळे जिभेच्या हालचालींवर मर्यादा पडण्याच्या जन्मजात अवस्थेस बद्धजिव्हा म्हणतात. या घडीस जिव्हाबंध ही संज्ञा आहे. वैद्यकात ही अवस्था अँकिलोग्लॉसिया या नावाने, तर व्यवहारात ‘टंग-टाय’ या नावाने ओळखली जाते. बोलीत ‘जीभ चिकटलेली आहे’ असे म्हणतात. जिव्हाबंध बहुतेक सर्व माणसांत दिसतो. त्यामुळे तो नुसता दिसतो एवढ्यावरून विकृती आहे असे ठरत नाही; जिभेच्या कार्यात अडथळा येत असेल तरच त्यास बद्धजिव्हा म्हणणे योग्य होय. नवजात अर्भकाच्या बाबतीत हा अडथळा प्रथम स्तनपानात जाणवतो.

शारीर : गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्यापासून जिभेची वाढ सुरू होते. प्रारंभी जीभ मुखाच्या तळाशी एकजीव असते. पुढे तिच्या कडांलगतच्या कोशिकांचा नाश होऊन खाच तयार होते व जीभ मोकळी होते. मध्यरेषेवर उरलेला भाग म्हणजे जिव्हाबंध. ही क्रिया अपुरी राहिल्यास बद्धजिव्हा उद्‌भवते. जिव्हाबंध म्हणजे मध्यरेषेवरील एक स्वतंत्र दोरी अथवा पट्टा होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. न्यूझीलंडमध्ये करण्यात आलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विच्छेदनांवरून ती बरोबर नसल्याचे दिसून आले. मुखाच्या तळावर पसरलेल्या संयोजी ऊतकाच्या पातळ थरास जीभ उचलली असता घडी पडते व त्या घडीलाच जिव्हाबंध म्हटले जाते. जिभेच्या खालच्या पृष्ठभागावर या थराच्या लगेच खाली जिव्हा-तंत्रिकेच्या बारीक शाखा असतात. मुखाच्या तळाशी, जिव्हाबंधाच्या दोन्ही बाजूंस लाला ग्रंथींच्या वाहिन्यांची मुखे असतात. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत [⟶ जीभ].

कारणे व प्रमाण : बहुतेक अर्भकांत निश्चित कारण सापडत नाही. काही कुटुंबांत ही अवस्था एकापेक्षा अधिक पिढ्यांत आढळते. मुलींपेक्षा मुलांत तिचे प्रमाण अधिक असते. खंडतालूबरोबर आढळणाऱ्या एका आनुवंशिक प्रकारात एक्स गुणसूत्रावरील टीबीएक्स-२२ या जनुकात दोष असल्याचे २००१ मध्ये सिद्ध झाले. व्याख्या व तपासणीच्या पद्धती भिन्न असल्यामुळे प्रमाणाचे आकडेही भिन्न आहेत. सामान्यतः शंभर अर्भकांमागे ४ ते १० असे ते सांगितले जाते. त्यांपैकी पुष्कळशा अर्भकांना स्तनपानात कोणतीही अडचण येत नाही.

स्तनपान व जिभेचे कार्य : अर्भक केवळ स्तनाग्र चोखत नाही, स्तनाग्रासह त्याभोवतालच्या काळसर भागाचाही बराचसा अंश ते तोंडात घेते. स्तनाग्र लांब होऊन कठीण व मृदू तालूंच्या संधीजवळ पोहोचते. जीभ खालच्या हिरडीवर पसरून स्तनाला खालून आधार देते व तिच्या कडा वर वळून पन्हळीसारखा आकार होतो. त्यानंतर जीभ खाली गेली की, तोंडातील दाब कमी होऊन दूध आत ओढले जाते आणि जीभ वर आली की, ते घशाकडे सरकते. श्राव्यातीत ध्वनिचित्रणाच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासांत दूध प्रामुख्याने जीभ खाली जाताना वाहते असे आढळून आले आहे. जीभ पुढे येऊ शकत नसेल, तर खालची हिरडी झाकली जात नाही व स्तनाग्र हिरडीखाली दाबले जाते. जीभ पुरेशी वर-खाली होत नसेल, तर दाबातील फरक कमी पडतो व दूध थोडे मिळते. मातेला होणारी वेदना आणि अर्भकाचे अपुरे पोषण या दोन्हींचा उगम अशा प्रकारे एकाच दोषात असू शकतो.

लक्षणे : मातेच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांनंतरही न थांबणारी स्तनाग्राची वेदना, भेगा, पाजून झाल्यावर स्तनाग्र चपटे किंवा तिरके दिसणे, स्तनात दूध तुंबणे व त्यामुळे स्तनशोथ होणे ही लक्षणे आढळतात. अर्भक स्तन धरते व लगेच सोडते, चोखताना ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येतो, पाजणे फार वेळ चालते आणि तरीही ते भुकेले राहते. स्तन नीट रिकामा न झाल्यास दुग्धनिर्मितीही हळूहळू घटते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत अर्भकाचे वजन काहीसे घटणे स्वाभाविक असते. तथापि ते सामान्यतः १० ते १४ दिवसांत जन्मवजनाइतके झाले पाहिजे. पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे हे पुरेसे दूध मिळत असल्याचे ढोबळ गमक होय. वजन भरून न येणे, लघवी कमी होणे, सुस्ती किंवा वाढती कावीळ आढळल्यास विलंब न लावता वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक असते.

निदान : वरील प्रत्येक लक्षण इतर कारणांनीही उद्‌भवू शकते. अर्भकास धरण्याची चुकीची पद्धत, अपुऱ्या दिवसांचा जन्म, लहान हनुवटी, स्नायूंची शिथिलता, खंडतालू, तसेच मातेच्या दुग्धनिर्मितीतील दोष यांचा विचार आधी करावा लागतो. त्यामुळे निदानासाठी केवळ मुखाची पाहणी पुरेशी नसून प्रत्यक्ष स्तनपान चालू असताना निरीक्षण करणे अगत्याचे असते. रडताना जीभ वर उचलली जाते का, ती खालच्या हिरडीपलीकडे येते का, बाजूंना वळते का व तिच्या शेंड्यास बदामासारखी खाच पडते का, हे पाहतात. स्वच्छ बोट तोंडात देऊन चोखण्याची शक्तीही अजमावतात. रूप व कार्य यांना गुण देणारी हेझलबेकर पद्धती १९९३ पासून, तर तिच्याहून सोपी ब्रिस्टल पद्धती २०१५ पासून उपलब्ध आहे. ब्राझीलमध्ये २०१४ च्या कायद्याने प्रत्येक नवजात अर्भकाची ही तपासणी सूतिकागृहांत बंधनकारक करण्यात आली.

उपचार : प्रथमोपचार शस्त्रक्रिया हा नसून स्तनपानासंबंधी कुशल मार्गदर्शन हा होय. अर्भकाचे पोट मातेच्या अंगाला टेकलेले, डोके व धड एका रेषेत, तोंड मोठे उघडलेले आणि हनुवटी स्तनाला रुतलेली अशा स्थितीत धरल्याने पुष्कळदा वेदना थांबते. वजन घटत असल्यास मातेचे दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाजतात. त्यामुळे अर्भकाचे पोषण होते व दूधही आटत नाही. मातेचे दूध अपुरे पडल्यास मातृदुग्धपेढीतील दूध उपयोगी पडते. आशियातील अशी पहिली पेढी मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली.

मार्गदर्शनानंतरही अडचण कायम राहिल्यास व बद्धजिव्हा स्पष्ट असल्यास जिव्हाबंध छेदतात. अर्भकास कपड्यात गुंडाळून, जीभ वर उचलून बोथट टोकाच्या कात्रीने पातळ घडीचा छेद घेतात. ही क्रिया काही क्षणांची असून रक्तस्राव बहुधा थोडा असतो व लगेच अंगावर पाजल्याने तो थांबतो. शस्त्रक्रियेपूर्वी अर्भकास जीवनसत्त्व के दिलेले आहे, तसेच कुटुंबात रक्तस्रावी विकार नाहीत याची खात्री करतात. लहान हनुवटी किंवा स्नायूंची शिथिलता असलेल्या अर्भकांत छेदामुळे श्वसनास अडथळा होण्याचा धोका असतो. अतिरिक्त रक्तस्राव, जंतुसंक्रामण, लालावाहिनीस इजा, पुन्हा चिकटणे व अंगावर पिण्यास नकार हे विरळा आढळणारे उपद्रव होत. नवजात अर्भकांत कात्रीपेक्षा लेसर श्रेष्ठ असल्याचे, किंवा छेदानंतर जखम वारंवार ताणण्याचे व्यायाम उपयुक्त असल्याचे सिद्ध झालेले नाही. बेंझोकेनयुक्त मलमे अर्भकांना लावू नयेत. त्यांमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घातक प्रमाणात घटू शकते.

इतिहास : रोमन ग्रंथकार सेल्सस यांनी इ. स. पहिल्या शतकात हा छेद वर्णिलेला असून लगतच्या रक्तवाहिन्या जपण्याचा इशाराही दिला आहे. यूरोपात काही सुइणी यासाठी एका बोटाचे नख वाढवून ठेवीत. भारतात हठयोगाच्या ग्रंथांत खेचरी मुद्रेसाठी प्रौढ साधकाचा जिव्हाबंध थोडाथोडा छेदण्याचे वर्णन आहे. त्याचा हेतू मात्र रोगोपचाराचा नाही. विसाव्या शतकात बाटलीचे दूध रूढ झाल्यावर पाश्चात्त्य देशांत हा छेद मागे पडला आणि स्तनपानाचे पुनरुज्जीवन झाल्यावर तो पुन्हा प्रचारात आला. अमेरिकेत रुग्णालयातील बालकांत या निदानाची संख्या १९९७ मध्ये सुमारे ३,९०० होती, ती २०१२ मध्ये ३२,००० च्या वर गेली. विकृती एवढ्या वेगाने वाढणे संभवनीय नसल्यामुळे ही वाढ मुख्यत्वे निदानाच्या प्रथेतील बदलाची द्योतक मानतात.

उपयुक्ततेचा विचार : इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन येथील ५७ अर्भकांच्या चाचणीत (२००५) छेदानंतर जवळजवळ सर्वांचे स्तनपान सुधारले. ब्रिस्टल येथील १०७ अर्भकांच्या चाचणीत (२०१४) मध्यम स्वरूपाच्या बद्धजिव्हेत पाच दिवसांनंतर वस्तुनिष्ठ मापनात दोन गटांत फरक दिसला नाही. मातांचा आत्मविश्वास मात्र वाढला. पाच चाचण्यांतील ३०२ अर्भकांच्या एकत्रित परीक्षणात (२०१७) मातेची वेदना अल्पकाळात कमी होते, परंतु अर्भकाच्या स्तनपानावरील सुपरिणाम सर्वत्र सारखा आढळत नाही, असा निष्कर्ष निघाला. ब्रिटनमधील पुढील मोठी चाचणी १६९ अर्भकांवरच थांबवावी लागली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत तिसऱ्या महिन्यातील स्तनपानाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे होते. तथापि छेद न करावयाच्या गटातील बहुसंख्य अर्भकांवरही पुढे छेद करण्यात आला होता. त्यामुळे अंतिम निर्णय अद्याप शक्य झालेला नाही.

वाणी : मूल उशिरा बोलू लागण्याचे कारण बद्धजिव्हा हे नव्हे. जिभेचा शेंडा वर न्यावा लागणाऱ्या ल, र, ळ यांसारख्या वर्णांचा उच्चार काही मुलांत अस्पष्ट होतो. परंतु बहुतेक मुले जिभेची ठेवण बदलून ते साधतात. पुढे वाणीदोष होईल या भीतीने नवजात अर्भकाचा जिव्हाबंध छेदण्यास पुरेसा आधार नाही. वाणी स्वच्छ व्हावी म्हणून अर्भकाच्या जिभेवर मध किंवा वेखंड लावण्याच्या प्रथेचाही उपयोग नाही. उलट, एक वर्षाखालील बालकास मधातील जंतुबीजांमुळे बॉट्युलिझम हा गंभीर विकार होण्याचा संभव असतो.

बद्धजिव्हेकडे दुर्लक्ष झाल्यास वेदनेमुळे माता स्तनपान सोडून देते व अर्भकाचे पोषण खुंटते. उलट, प्रत्येक अडचणीचे खापर जिव्हाबंधावर फोडल्यास निरोगी अर्भकावर निष्कारण शस्त्र चालते व खरे कारण दडून राहते. म्हणून छेदाचा निर्णय जिव्हाबंधाच्या दिसण्यावरून न घेता स्तनपानाचे निरीक्षण, अर्भकाचे वजन व मातेचा अनुभव या तिन्ही गोष्टी पडताळून घेणे हितावह ठरते.