फुकटची रात्र केवढ्याची?

हॉटेलांच्या सदस्य-योजनांत मिळणाऱ्या पॉइंटांच्या, म्हणजेच गुणांच्या, नुसत्या संख्येवर भुलूं नये. मॅरियटची योजना बहुतेक हॉटेलांत डॉलरमागें १० गुण देते; हयातची ५ च. म्हणून हयात कृपण ठरते काय? समजा, सारख्याच खोलीस पहिलीनें ४०,००० व दुसरीनें १५,००० गुण मागितले. तर फुकट रात्रीपूर्वीं अनुक्रमें ४,००० व ३,००० डॉलर खर्चावे लागतील! मात्र गुणांवर सलग पांच रात्री राहिल्यास मॅरियट एका रात्रीचे गुण माफ करते, हेंही जमेस धरावें. शिवाय २०२२ सालीं मॅरियटनें गुणांचें ठराविक दरपत्रक बंद केलें. सांठविलेल्या गुणांना व्याज नाहीं; मोल मात्र घटूं शकतें. तेव्हां आधीं खर्च मोजावा, आणि मिळालेले गुण वेळींच वापरावे.