अंतराचे तिकीट, वेगाचे तिकीट

रेल्वेचे तिकीट आपल्या इतक्या परिचयाचे असते, की त्याकडे निरखून पाहण्याची वेळ सहसा येत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीचे आरक्षित तिकीट पाहिले, तर त्यावर प्रवाशाचे नाव, वय, गाडीचा क्रमांक, डबा, आसन किंवा शायिका आणि दहा अंकी पीएनआर क्रमांक हे सारे एकत्र नोंदलेले आढळते. मूळ भाडे, आरक्षणशुल्क आणि अतिजलद गाडीचा अधिभार यांची बेरीजही त्यातच झालेली असते. प्रवाशाने ओळखपत्र जवळ ठेवायचे आणि ठरलेल्या गाडीत ठरलेल्या जागी बसायचे, एवढेच उरते. एका कागदात सारे सामावलेले असावे ही आपली अपेक्षा परदेशात मात्र खरी ठरेलच असे नाही. जपानमध्ये तर रीतसर पैसे भरून घेतलेले तिकीट हाती असूनही प्रवासी फाटकापाशी अडू शकतो. तसे का घडते, हे समजून घेण्यासाठी तेथील तिकिटामागचा विचार पाहावा लागतो.

भारतात १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. जपानची पहिली रेल्वे त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १८७२ मध्ये, टोकियोतील शिंबाशी आणि योकोहामा यांच्या दरम्यान सुरू झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते शिन-ओसाका या मार्गावर ‘शिंकान्सेन’ ही अतिवेगवान गाडी धावू लागली आणि जपानच्या रेल्वेचे नाव जगभर झाले. मुंबई-अहमदाबाद मार्गाचा प्रकल्प याच तंत्रज्ञानाच्या आधारे हाती घेण्यात आला. आज भारतातून जपानला केवळ हौशी पर्यटक जातात असे नाही. विद्यार्थी जातात आणि कामगारही जातात. विशिष्ट कौशल्ये असलेल्या कामगारांसंबंधी दोन्ही देशांत जानेवारी २०२१ मध्ये सहकार्य करार झाला. परक्या मुलुखात पगारातून पै-पै साठवणाऱ्या माणसाला तिकिटाचे नियम ठाऊक असणे किती मोलाचे असते, हे वेगळे सांगायला नको.

समजा, एक प्रवासी टोकियोहून शिन-ओसाकाला निघाला आहे. हे अंतर ५५२.६ किलोमीटर आहे. यंत्रासमोर उभे राहून त्याने ८,९१० येनचे तिकीट काढले आणि तो शिंकान्सेनच्या फाटकाकडे गेला. फाटक उघडले नाही. तिकीट खरे होते, अंतराचे पैसेही पुरेपूर भरले होते. तरीही ते तिकीट अपुरे होते. कारण जपानमध्ये अशा प्रवासाला दोन तिकिटे लागतात. पहिले ‘जोशाकेन’, म्हणजे मूळ भाड्याचे तिकीट. ते अंतराचे मोल असते. दुसरे ‘तोक्क्यूकेन’, म्हणजे जलद गाडीचे तिकीट. ते वेगाचे मोल असते. आपल्या प्रवाशाने अंतर विकत घेतले होते. वेग घेतलाच नव्हता.

तेवढ्या एकाच तिकिटावरही तो ओसाकाला पोहोचू शकला असता. मात्र त्याला साध्या गाड्या बदलत बदलत जावे लागले असते आणि त्यात सुमारे नऊ तास गेले असते. शिंकान्सेनची ‘नोझोमी’ ही गाडी तेच अंतर सुमारे अडीच तासांत कापते. वाचलेल्या या वेळेची किंमत म्हणजे जलद गाडीचे तिकीट. अनारक्षित डब्यासाठी ते ४,९६० येनला मिळते. दोन्ही मिळून १३,८७० येन होतात. कधी दोन्ही बाबी एकाच कागदावर छापलेल्या असतात, कधी दोन स्वतंत्र तिकिटे हाती येतात. स्वतंत्र असतील, तर फाटकातील फटीत ती दोन्ही एकदम सरकवावी लागतात आणि पलीकडून बाहेर येताच आठवणीने उचलून घ्यावी लागतात.

आता आरक्षणाचा प्रश्न येतो. आपल्याकडील प्रतीक्षायादीची पद्धत तेथे नाही. बहुतेक शिंकान्सेन गाड्यांना आरक्षित आणि अनारक्षित असे दोन प्रकारचे डबे असतात. आरक्षित आसनासाठी थोडे अधिक पैसे द्यावे लागतात. अनारक्षित डब्यात रिकामे दिसेल तेथे बसावे. जागा नसेल, तर उभ्याने जावे. आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी, सकाळी दहा वाजता खुले होते. गाडी सुटण्यापूर्वी आरक्षण एकदा विनामूल्य बदलून घेता येते. गाडी चुकलीच, तरी सर्व पैसे वाया जात नाहीत; त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीच्या अनारक्षित डब्यातून त्याच तिकिटावर जाता येते. परंतु नववर्ष, एप्रिलअखेरच्या सुट्ट्या आणि ऑगस्टमधील ओबोन सण या गर्दीच्या दिवसांत ‘नोझोमी’ गाड्यांत अनारक्षित डबेच ठेवले जात नाहीत. त्या दिवसांत निघणाऱ्याने आधी आसन राखून ठेवणे हेच शहाणपणाचे.

दोन तिकिटांची ही व्यवस्था वरवर किचकट वाटते. पण तिच्यात एक सरळ न्याय आहे. गाडी मुक्कामी दोन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोहोचली, तर जलद गाडीच्या तिकिटाचे पैसे प्रवाशाला परत मिळतात. मूळ भाडे मात्र परत मिळत नाही. त्यामागचा हिशेब स्पष्ट आहे. रेल्वेने प्रवाशाला मुक्कामी पोहोचवले, म्हणून अंतराचा मोबदला तिचा. वेगाचे वचन तिला पाळता आले नाही, म्हणून वेगाचा मोबदला प्रवाशाचा. हा नियम ज्याला ठाऊक असतो, तो बाहेर पडण्यापूर्वी कर्मचाऱ्याकडे चौकशी करतो. ज्याला ठाऊक नसतो, तो हक्काचे पैसे सोडून मुकाट्याने निघून जातो.

मुदतीच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. अंतर जितके लांब, तितकी मूळ भाड्याच्या तिकिटाची मुदत अधिक. टोकियो ते ओसाका या अंतरासाठी ती चार दिवसांची असते. शंभर किलोमीटरहून लांबच्या अशा तिकिटावर वाटेत, उदाहरणार्थ नागोयाला, उतरून मुक्काम करता येतो आणि नंतर त्याच तिकिटावर पुढे जाता येते. जलद गाडीचे तिकीट मात्र फाटकाबाहेर पडताच संपते. पुढच्या टप्प्यासाठी वेग पुन्हा विकत घ्यावा लागतो.

शहरातल्या रोजच्या प्रवासासाठी रक्कम भरून ठेवायची कार्डे सोयीची असतात. ‘सुइका’ हे असे कार्ड नोव्हेंबर २००१ मध्ये टोकियो परिसरात सुरू झाले. मार्च २०१३ पासून देशातील अशी दहा प्रमुख कार्डे एकमेकांच्या क्षेत्रांतही चालू लागली. कार्ड फाटकावर टेकवले, की भाडे आपोआप वजा होते. तथापि त्यालाही मर्यादा आहेत. एका क्षेत्रात शिरून थेट दुसऱ्या क्षेत्रात बाहेर पडण्यासाठी ते चालत नाही. टोकियोत कार्ड टेकवून साध्या गाडीने नागोयापर्यंत गेलेला प्रवासी तेथील फाटकापाशी अडकतो. आधी नोंदणी केल्याशिवाय या कार्डावर शिंकान्सेनमध्येही बसता येत नाही. शिवाय १९८७ मध्ये जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन होऊन प्रवासी वाहतुकीच्या सहा कंपन्या झाल्या. त्यांच्या जोडीला शहरोशहरी खासगी व भुयारी रेल्वेच्या स्वतंत्र कंपन्या आहेत. एका कंपनीचे साधे तिकीट दुसरीकडे चालेल असे गृहीत धरू नये.

पर्यटकांसाठी ‘जपान रेल पास’ असतो. सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन करण्यात आली. त्यापूर्वी टोकियो-ओसाका अशी एक जा-ये केली, तरी पासाचे पैसे जवळजवळ वसूल होत. नव्या किमतीत ते गणित राहिले नाही. म्हणून पास घेण्याआधी प्रत्येक टप्प्याचे भाडे कागदावर मांडून बेरीज करावी. हा पास अल्पकाळासाठी आलेल्या पर्यटकांकरिता आहे. कामासाठी किंवा शिक्षणासाठी तेथे गेलेल्या भारतीयाला त्याचा लाभ घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

काही बारीकसारीक गोष्टी वेळीच कळल्या, तर मनस्ताप टळतो. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठी बॅग टोकियो-ओसाका मार्गावर न्यायची असेल, तर सामानाच्या जागेसह आसन आरक्षित करावे लागते. तसे न केल्यास १,००० येन भरावे लागतात. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे भाडे पडते. तिकिटाच्या यंत्रावर बहुधा इंग्रजी भाषेची सोय असते. परंतु परदेशी क्रेडिट कार्ड वापरताना त्याचा गुप्त क्रमांक पाठ असावा लागतो. कागदी तिकिटावर प्रवाशाचे नाव नसते. ते हरवले, तर पुन्हा पूर्ण पैसे भरावे लागतात. मूळ तिकीट वर्षभरात सापडले, तरच शुल्क वजा करून रक्कम परत मिळते. म्हणून बाहेर पडेपर्यंत ते जिवापाड जपावे.

एवढे करूनही चूक होऊ शकते. कमी अंतराचे तिकीट काढून प्रवासी झोपेत दोन स्थानके पुढे गेला, तर काय होते? जपानच्या स्थानकांत बाहेर पडण्याच्या फाटकाजवळच भाड्याचा फरक भरण्याचे यंत्र असते. त्यात तिकीट घालावे, दिसेल तेवढी रक्कम भरावी आणि बाहेर पडावे. त्यासाठी दंड नाही, की जाब विचारणे नाही. मात्र जाणूनबुजून फुकट प्रवास करणाऱ्याकडून भाडे आणि त्याच्या दुप्पट अधिक रक्कम, म्हणजे एकूण तिप्पट पैसे, घेण्याचा नियम आहे. चूक आणि लबाडी यांत असा फरक केलेला असतो. म्हणूनच चूक लक्षात येताच लपवाछपवी न करता सरळ यंत्रापाशी किंवा कर्मचाऱ्याकडे जाणे हिताचे ठरते.

तिकीट हा प्रवासी आणि रेल्वे यांच्यातील एक करार असतो. प्रत्येक देश तो आपापल्या रीतीने लिहितो. कोठे त्यात नाव महत्त्वाचे, कोठे आसन, तर कोठे अंतर आणि वेग. परक्या देशात तिकीट काढताना ‘किती पैसे?’ एवढेच विचारून भागत नाही. या पैशांत काय मिळाले, काय मिळाले नाही आणि वचन मोडले तर परत काय मिळेल, हेही विचारावे लागते. हे तीन प्रश्न सोबत असले, म्हणजे भाषा अनोळखी असली तरी वाट अनोळखी राहत नाही.