सीमाभागातील विद्यार्थी आणि दूरदृश्य संवाद

निपाणी शहरालगत अर्जुननगर येथे देवचंद महाविद्यालय आहे. हे महाविद्यालय महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात मोडते आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणी शहर मात्र कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात असून तेथील महाविद्यालये बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. एकाच गल्लीतील दोन मुले अशा रीतीने दोन राज्यांच्या दोन विद्यापीठांत शिकतात. त्यांचे अभ्यासक्रम निराळे, परीक्षांची वेळापत्रके निराळी आणि पुष्कळदा शिक्षणाचे माध्यमही निराळे. बाजारात त्यांची रोज भेट होते. एका वर्गात मात्र ती कधी बसत नाहीत.

दूरदृश्य संवादाच्या साहाय्याने देशोदेशींचे विद्यार्थी एकत्र अभ्यास करू शकतात, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. हा प्रयोग यशस्वी होण्यासाठी कोणती तयारी लागते आणि ती सीमाभागात आपल्या दारापासूनच का सुरू करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपग्रहाची परंपरा

दूरवरच्या विद्यार्थ्यांना पडद्याच्या द्वारे शिकविण्याची कल्पना आपल्या भागास नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत त्याचे कार्यक्रम पाहिले गेले. त्या राज्यांत कर्नाटक होते, आणि तेथील निवडलेल्या जिल्ह्यांत बेळगावच्या शेजारचा विजापूर जिल्हाही होता. तो प्रयोग एकमार्गी होता. खेड्यातील मनुष्य पाहू व ऐकू शके. त्याला उलट प्रश्न विचारता येत नसे.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी योजिलेला उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या प्रायोगिक टप्प्यासाठी निवडलेल्या विद्यापीठांत बेळगाव येथे मुख्यालय असलेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही दोन्ही होती. दूरच्या वर्गातील विद्यार्थ्यास आता अध्यापकाला प्रश्न विचारता येऊ लागला. या उपग्रहाचे कार्य २०१० मध्ये संपले. पुढे इंटरनेटचा प्रसार झाला आणि २०२० मधील महामारीच्या काळात तर खेड्यापाड्यांतील विद्यार्थीही भ्रमणध्वनीवर तास ऐकू लागले.

तथापि, एका अध्यापकाचे व्याख्यान दोनशे विद्यार्थ्यांनी ऐकणे म्हणजे सहकार्य नव्हे. दोन ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी एकच काम वाटून घेऊन ते एकमेकांच्या मदतीने पुरे करणे, हा सहकार्याचा खरा अर्थ होय. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने या पद्धतीसाठी २००६ मध्ये स्वतंत्र केंद्र स्थापन केले. तिचे सूत्र साधे आहे. दोन देशांतील दोन अध्यापक आपापल्या वर्गांसाठी काही आठवड्यांचा समान पाठ आखतात, विद्यार्थ्यांचे मिश्र गट पाडतात आणि प्रत्येक गटाकडून एक काम करून घेतात.

यंत्राचे काही नियम

दूरदृश्य संवादात कॅमेरा चित्र टिपतो व ध्वनिग्राहक आवाज घेतो. संगणक या दोहोंचे आकड्यांत रूपांतर करून ते संक्षिप्त स्वरूपात पुढे पाठवितो व पलीकडचा संगणक त्यांची पुन्हा जुळणी करतो. या प्रवासास थोडा वेळ लागतो. एज्युसॅटसारखा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेशास तेथपर्यंत जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर येण्यात अर्धा सेकंद जातो. समुद्राखालील तारांमुळे आता हा विलंब कमी झाला असला तरी दूरच्या देशाशी बोलताना तो जाणवतोच. दोघेही एकदम बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि समोरचा मनुष्य उद्धट आहे किंवा त्याला काही येत नाही, असा गैरसमज होतो. म्हणून बोलणे संपल्यावर क्षणभर थांबावे व पुढील वक्त्याचे नाव घेऊन त्याला पाचारण करावे, ही सवय विद्यार्थ्यांना आधीच लावणे इष्ट होय.

चित्र अंधुक झाले तरी काम चालते. आवाज तुटला की काम थांबते. सिमेंटच्या भिंतींच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. तेथे जाड पडदे व सतरंज्या घातल्याने पुष्कळ फरक पडतो. आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते, म्हणून विजेची पर्यायी सोय असावी. ती नसल्यास चर्चेचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी पाठवून ठेवावेत, म्हणजे संपर्क तुटला तरी तास वाया जात नाही.

वेदगंगेचा पूर : एक उदाहरण

सहकार्यासाठी विषय असा असावा की, जो एका बाजूस एकटीने पुरता समजू शकत नाही. सीमाभागात असा विषय डोळ्यांसमोर आहे. वेदगंगा नदी कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यात उगम पावते, गारगोटी व मुरगूडजवळून वाहत निपाणी भागात येते आणि दूधगंगेस मिळते. दूधगंगा पुढे बेळगाव जिल्ह्यात कृष्णेला मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळूरु महामार्गावर आले व वाहतूक बंद पडली. पाऊस एका राज्यात पडला व पाणी दुसऱ्या राज्यात शिरले. पुराच्या कारणांविषयी मात्र दोन्ही बाजूंस निरनिराळी मते ऐकू येतात. वरच्या बाजूचा मनुष्य खालच्या धरणाकडे बोट दाखवितो, तर खालच्या बाजूचा वरून सोडलेल्या पाण्याकडे.

अशा वेळी कोल्हापूर व बेळगाव येथील भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी मिश्र गट करून आपापल्या बाजूची पावसाची व पाणीपातळीची माहिती मिळवावी आणि एकाच कालपटावर मांडावी. गारगोटीस पाऊस केव्हा पडला, यमगर्णीस पाणी केव्हा चढले, गावकऱ्यांना सूचना केव्हा मिळाली, हे शेजारी शेजारी लिहिले म्हणजे वादाचा मुद्दा अभ्यासाचा मुद्दा बनतो. अशी नोंद दोन्हीकडील ग्रामपंचायतींनाही उपयोगी पडेल. कारण खालच्या गावास मिळालेले चार तास म्हणजे वाचलेली जनावरे व वाचलेले धान्य होय.

यापुढची पायरी परदेशाची. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या समुद्राच्या पुरात १,८०० हून अधिक माणसे दगावली आणि त्या देशाने पूरनियंत्रणाची मोठी व्यवस्था उभारली. तेथील विद्यार्थ्यांपुढे वेदगंगेची आकडेवारी ठेवली, तर नदीला पसरण्यास जागा कोठे ठेवली आहे, असा प्रश्न ते विचारतील. भाऊबंदकीत वाटल्या गेलेल्या अर्ध्या एकराच्या मालकाने ती जागा कशी सोडावी, असे आपले विद्यार्थी विचारतील. दोन संस्कृतींची खरी ओळख अशा प्रश्नांतून होते. पोशाख, सण व खाद्यपदार्थ यांची माहिती सांगून पहिला तास बरा जातो. दुसऱ्या तासाला काम लागते.

भाषेचा प्रश्न

मराठी व कन्नड या भाषांत संस्कृतातून आलेले अनेक शब्द समान आहेत, पण सारखा शब्द सारखा अर्थ देईलच असे नाही. ‘प्रवाह’ म्हणजे मराठीत वाहते पाणी. कन्नडमध्ये त्याच शब्दाचा अर्थ पूर असा होतो. ‘नदीस प्रवाह आहे’ या वाक्याने एका विद्यार्थ्यास दिलासा वाटेल व दुसरा सामान आवरू लागेल. म्हणून प्रत्येक गटाने पहिल्या आठवड्यातच आपल्या विषयाचा छोटा शब्दकोश तयार करावा. परदेशी विद्यार्थ्यांशी इंग्रजीत बोलतानाही हा नियम लागू आहे. ज्यांना इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो, त्यांना आधी लिहून पाठविण्याची मुभा द्यावी.

या कामी सीमाभागातील विद्यार्थी मागे नाही, उलट तो पुढे आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू किंवा कोंकणी आणि पुस्तकात इंग्रजी, अशी त्याची रोजची रीत असते. समोरच्याचा चेहरा पाहून भाषा बदलणे त्याला शिकवावे लागत नाही. ही त्याची अडचण समजली जाते. वस्तुतः ती त्याची कमाई आहे.

महाविद्यालयांनी करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, कामास गुण असावेत. परीक्षेत न मोजले जाणारे काम पहिल्या चाचणीबरोबर मागे पडते. दुसरी, दोन्ही अध्यापकांनी सत्रापूर्वी सुट्ट्या व परीक्षांच्या तारखा जुळवून पाच-सहा आठवड्यांचे वेळापत्रक ठरवावे. तिसरी, घड्याळाकडे लक्ष असावे. आपल्याकडे दुपारी साडेतीन वाजता नेदरलँड्समध्ये हिवाळ्यात सकाळचे अकरा, तर उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजलेले असतात. हा बदल मार्च व ऑक्टोबर अखेरीस होतो. चौथी, पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, कामाचे स्वरूप आधी समजावून सांगावे व संवाद महाविद्यालयातच घ्यावा, म्हणजे घरी स्वतंत्र भ्रमणध्वनी नसलेली विद्यार्थिनी मागे राहणार नाही.

या चारही गोष्टींस फारसा खर्च येत नाही. त्यांचा आरंभ अर्जुननगर व निपाणी यांच्यामधील थोड्याशा अंतरावरही करता येईल. तेथे पडद्याचीही गरज नाही. दोन अध्यापकांनी एकत्र बसून एक पाठ आखणे पुरेसे आहे. शेजारच्या विद्यापीठातील विद्यार्थ्याबरोबर काम करण्यास शिकलेला विद्यार्थी दूरदेशीच्या विद्यार्थ्यासमोर गोंधळणार नाही.