पाड्यावरची शाळा आणि पटाचा हिशेब

प्राथमिक शाळा चालविण्यास किती खर्च येतो, हा प्रश्न शहरांत फारसा अवघड वाटत नाहीं. मुलें पुष्कळ, शाळा जवळ; एका शिक्षकाचें वेतन तीस-चाळीस मुलांवर वांटलें जातें. हाच हिशेब सातपुड्याच्या डोंगरांत कसा बदलतो, हें आज नंदुरबार जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहूं.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतींत येथें दर शंभरांत सुमारें ६९ लोक आदिवासी होते. साक्षरता शेंकडा ६४ होती, तर साऱ्या महाराष्ट्राची ८२. अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत गांव म्हणजे एकवटलेली वस्ती नव्हे; टेकड्यांवर विखुरलेले पाडे मिळून एक गांव होतें.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. पहिली ते पांचवीची शाळा सर्वसाधारणपणें घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी व साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावे, असा त्याचा व त्याखालील नियमांचा दंडक आहे. आतां पटावर साठ मुलें असलीं तर एका शिक्षकामागें तीस येतात. बाराच असलीं तर सहा. म्हणजे पाड्यावर दर मुलामागें वेतनाचा खर्च पांचपट झाला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचें वेतन राज्याच्या अनुदानांतून होत असल्यामुळें काटकसरीचा विचार निघाला कीं अशा शाळांवर प्रथम नजर जाते.

सप्टेंबर २०२३ मध्यें राज्याच्या शिक्षण आयुक्तांनीं वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूहशाळा’ स्थापण्याचे प्रस्ताव मागविले. अशा लहान शाळा राज्यांत चौदा हजारांहून अधिक होत्या. नमुना म्हणून पुणें जिल्ह्यांतील पानशेतबरोबर याच नंदुरबारांतील तोरणमाळचें नांव पुढें करण्यांत आलें. शिक्षकांच्या संघटनांनीं या विचारास विरोध केला.

योजनेंत तथ्य नाहीं असें नव्हे. मोठ्या शाळेंत इयत्तेगणिक शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा देतां येते. तिला वसतिगृह जोडलेलें असलें तर ऊंसतोडीसाठीं आईबाप गुजरातेंत गेले तरी मुलाचा अभ्यास खंडत नाहीं. बारा वर्षांच्या मुलास हा लाभ मोठा आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलाचें काय? घरीं पावरी किंवा भिली बोलणारें तें मूल आधींच अपरिचित भाषेंत धडे गिरवीत असतें. त्यांत घरहि सुटलें तर त्यास आधार कोणाचा? घरून जायचें म्हटलें तर पावसाळ्यांत ओढे ओलांडून लांबची वाट चालणें आलें. पाड्यावरची शाळा मिटली म्हणजे खर्च नाहींसा होत नाहीं. तिजोरीवरचा भार त्या कुटुंबावर पडतो, आणि पुष्कळदां तो मुलीची शाळा सुटण्यानें फेडला जातो.

तेव्हां दर मुलामागें सारखे रुपये म्हणजे सारखी संधि, असें मानतां येणार नाहीं. वरच्या इयत्तांसाठीं सुसज्ज निवासी शाळा अवश्य असाव्या. पण पहिल्या इयत्ता पाड्याजवळच राहाव्या, आणि शाळेचा खर्च ठरवितांना पटाच्या आंकड्याशेजारीं वाटेचें अंतरहि मांडलें जावें, एवढीच अपेक्षा आहे.